मॅडमच्या सहीसाठी

सेमिनारच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या, पण सेमिनारमधले किस्से काही जात नाहीत. सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीत ते आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात.

बारामतीतली आमची बॅच म्हणजे नागपूरचा मी आणि पुण्याची सायली. वर मुंबईहून नव्यानं आलेल्या मॅडम. माझी पहिली केस त्यांनी परत पाठवली होती. "तीन संधी. तिसरीही धड मांडली नाहीस तर परीक्षेच्या फॉर्मवर माझी सही विसर." मी जाम टरकलो होतो.

*

सायली जर्नल क्लबला चर्चेचा रिसर्च पेपर न वाचताच यायची. काही विचारलं की एकच उत्तर, "सॅम्पल साईझ लहान आहे." एकदा पेपर निघाला एकाच पेशंटवरचा. तिनं दिलं ठोकून.

"अगं, एकच पेशंट आहे," मॅडम म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मॅडम."

*

मग सेमिनार झाला, पेशंटचं कसं ऐकावं. त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याला बरं वाटतं म्हणे. सायलीनं लगेच वालचंदनगरच्या एका आजींवर प्रयोग केला.

"डोकं लई दुखतंय."

"डोकं खूप दुखतंय तुमचं."

"व्हय. झोप न्हाय."

"झोप नाही तुम्हाला."

आजी सुनेला म्हणाल्या, "चल गं, हिला कमी ऐकू येतंय."

*

माझी दुसरी केस भवानीनगरच्या आबांची. पुस्तकातला प्रश्न मी जसाच्या तसा विचारला, "तुमच्या डोक्यात दुसरं कुणी विचार घालतं का?"

"घालती की. ही काय, शेजारीच बसलीया."

आबांची बायको पदर सावरत हसली. मी फाईलवर लक्षण लिहून मोकळा. तीही केस परत आली.

*

तिसरे पळसदेवचे तात्या. झोप लागत नाही, मन लागत नाही, एवढंच. इतक्या साध्या केसवर सही कोण देणार? म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा तात्या बोलले, "आमच्याकडं पाण्यात देऊळ हाय. उन्हाळ्यात वर येतं."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. फाईलवर ठळक लिहिलं, 'भ्रम'.

मॅडमनी तात्यांना स्वतः विचारलं, "देऊळ आपोआप वर येतं?"

"व्हय. मग आमी जाऊन नारळ फोडतो."

मॅडम खूश. "याला म्हणतात केस!" त्यांचं पेन माझ्या फॉर्मवर टेकलं.

तेवढ्यात इंदापूरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, देऊळ खरंच आहे. उजनी धरणाचं पाणी उतरलं की दिसतं. आम्ही सगळे बघायला जातो."

पेन थांबलं. मॅडमनी सिस्टरकडं नीट पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि अगदी मायेनं विचारलं, "सगळे म्हणजे, आणखी कुणाकुणाला दिसतं?"