अर्विंगच्या पोळ्याचा बोजारा

पोळ्याला खरे बैल आणायचे असं टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगच्या मराठी मंडळाने ठरवलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी नोकरीच तशी आहे. मांसासाठी गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांना मी बाजारभाव समजावून सांगते. दुष्काळात कुरणं करपली की सरकार अनुदान देतं, ते कसं मिळवायचं तेही सांगते. एरवी हा विषय निघाला की मंडळातल्या लोकांना एकदम घरची कामं आठवतात.

माझ्या ओळखीचा एक म्हातारा रँचर, म्हणजे असाच गुरं पाळणारा, तयार झाला. यंदा भाव चढल्यावर त्याच्या शेजाऱ्यांनी कळप विकून टाकले होते. याने अनुदानातून चारा घेऊन आपला कळप राखला. कार्यक्रमाच्या हॉलबाहेर त्याने दोन देखणे बैल ट्रेलरमधून उतरवले आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला.

पूजा झाली, पुरणपोळी भरवून झाली, फोटो तर विचारू नका. राहिला बोजारा. आमच्या विदर्भात पोळ्याला दारी बैल आणणाऱ्याच्या हातावर मान म्हणून काहीतरी ठेवतात, तो बोजारा. मी ताट उचललं, तर अध्यक्ष काकूंनी माझं मनगट धरलं.

"अगं, त्याला नको. बीफवाला आहे तो! लोक हर्ट होतील. डेअरीवाला आहे असं अनाउन्स कर, मग दे हवं तर."

माझं टाळकंच सटकलं. याचे बैल फोटोत चालतात आणि हा चालत नाही?

मी माइक घेतला. "हे मांसासाठी गुरं वाढवतात. हे दोन्ही बैलही बाजारात जाणार आहेत. यांचा बोजारा मी देतेय. ज्यांना बघवत नाही त्यांनी आत जाऊन जेवावं."

निम्मे लोक आत गेले, सगळ्यात आधी काकू. मी त्याच्या हातावर नारळ आणि पाकीट ठेवलं. त्याला मराठी कळत नव्हतं; काय झालं, असं त्याने विचारलं, तेव्हा काही न लपवता सांगितलं.

त्याने बैल सावलीला बांधले. "मग तू बाहेर का? तुझं जेवण आत आहे ना?"

"तुमचंही आहे," मी म्हटलं आणि दंडाला धरून त्याला आत नेलं. पंगतीत काकूंच्या समोरची खुर्ची रिकामी होती. तिथेच बसवलं आणि पहिली पोळी मीच वाढली.