खराट्याची तलवार

चमकती तलवार मी भलत्याच माणसाच्या हातात दिली. निपाणीत उतरलो, तंबाखूचा खाट नाकात शिरला, की ती संध्याकाळ अजून आठवते.

बेळगाव कॅम्पातल्या फौजी मामांनी सिनेमाचा छोटा कॅमेरा आणि एकच रीळ दिलं होतं. आमच्या खळ्यावर चुलतभाऊ बाळू काठीची तलवार करून लढला. ‘पडद्यावर माझ्या हातात वीज दिसंल’ असं त्यानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. धुऊन आलेली फिल्म सुईनं खरवडली की तेवढीच रेघ पडद्यावर झळकते, हे मला ठाऊक होतं. एकेका चित्राची चौकट हरभऱ्याच्या डाळीएवढी. बोटं सोलली, डोळे चुरचुरले, पण हटलो नाही. रीळ संपेपर्यंत काठी खरवडत राहिलो.

दिवेलागणीला चादरीवर सिनेमा लावला. बाळू साधीच काठी फिरवत होता आणि त्याच्या मागं खळं झाडणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातात खराटा पेटला होता! गल्ली हसून लोळली. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज मात्र तो थरथरता, पांढराशुभ्र खराटाच डोळ्यांपुढं येतो.

आक्का पदर खोचत म्हणाली, “काठी कुठली न् खराटा कुठला कळंना, आन् सिनेमा काढतोस व्हय रं?”