कर्जतवरचा ढग

कर्जतच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून हसली होती. "ढगाचं काय शिकायचं गं? मान वर केली की दिसत्यात." मी भूगोलात एम.ए. करायला, त्यातही हवामानशास्त्र घेऊन निघाले होते. तेव्हा मला भीती वाटायची ती पुण्याची. इंग्रजीची, अनोळखी रूममेटची. आभाळाची भीती शिकल्यावर आली.

गावी गडगडलं की आम्ही वाळवण उचलायचो, बस्स. इथं वर्गात कळलं की त्या काळ्या ढगात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटून वीज साठते, पाऊस सुरू व्हायच्या आधीही ती कोसळते, आणि रानातलं एकटं झाड ही सगळ्यात वाईट जागा.

गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी पडद्यावर रडारचं चित्र लावलं. एक लाल ठिपका वाढत होता. सगळे वह्यांत त्याचा आकार काढत होते. मी जागा ओळखली, आमचं कर्जतच ते, आणि बाहेर पळाले. आई आणि काकू त्या दिवशी कांदा काढायला रानात होत्या, आणि त्या रानात झाड एकच, कडुलिंबाचं.

"आई, कुठं हायेस?"

"लिंबाखाली. लई अंधारून आलंय. कांदा झाकला ताडपत्रीनं."

"झाडाखालून निघ. कांदा न्यायला टेम्पो आलाय ना? केबिनमध्ये बसा दोघी, काचा लावून. कशाला हात लावू नका."

"येडी का काय! लोखंडात बसू? ईज लोखंडावरच येती."

"आई, वीज पत्र्यावरून खाली जाती, आत येत न्हाई. तुला माझी शपथ हाय, निघ."

पलीकडून काहीतरी कडाडलं आणि फोन कट झाला.

त्यानंतर लागेना. लॅबच्या जिन्यात बसून मी पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहिले. आत मॅडमचा शांत आवाज चालू होता.

शेवटी आईचाच फोन आला. "लिंब उभा चिरला गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. दोघी टेम्पोत होत्या.

मैत्रिणी म्हणतात, तू आईला वाचवलंस. मला मात्र दुसरंच खुपतं. वर्गात ऐकलेल्या एका वाक्याच्या भरवशावर मी दोन जित्या बाया लोखंडात बसवल्या होत्या. ते मी चुकीचं ऐकलं असतं तर?

आता भावकीतल्या बायका फोन करतात. "आज रानात जावं का गं?" माझ्याकडे फक्त शक्यता असते, आणि त्यांना हो किंवा नाही हवं असतं.

माझ्यासारख्या घर सोडून आलेल्यांना घर म्हटलं की काय दिसतं, ठाऊक नाही. मला हल्ली अंगण दिसत नाही, चूल दिसत नाही. दुपार तापली, तिकडं ढग चढले की मी फोन लावते. रिंग वाजत असते तोवर मी ना पुण्यात असते ना गावात. मग आई म्हणते, "बोल गं." तेवढ्यापुरती मी घरी पोचते.