नऊ मिनिटांची तपासणी

आत्मारामकाका जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन गावी आले आणि आमच्या वाचनालयाचा सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला. मी तिथली ग्रंथपाल. मला थांबणं जमत नाही, आणि काकांना घाई कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.

त्या सर्व्हरवर गावातल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. काकांच्या बायकोने, राहीकाकूंनी, घरोघर फिरून त्या रेकॉर्ड केल्या आणि शेवटी एक स्वतः गायली. गेल्या वर्षी वैशाखात काकू वारल्या.

वीज गेली की सर्व्हर बंद पडायचा, बॅटरी कधीच कामातून गेली होती. बटण दाबलं तरी तो लगेच कामाला लागत नसे. आधी आतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्राचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम, जागं होई आणि प्रोसेसर, पंखे, डिस्क यांची हजेरी घेई. मग मेमरी. तिच्या प्रत्येक खणात काहीतरी ठेवून बघायचं, ठेवलं तेच परत निघतं का. सगळं ठीक असलं की एक बीप. याला नऊ मिनिटं लागत. काका हात मागे बांधून उभे राहात. जहाजावर तपासल्याशिवाय काही चालू करत नाहीत, म्हणत.

गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले. परतीच्या गाड्या सुटायच्या आत प्रत्येकाला आपल्या आईची ओवी पेनड्राइव्हवर हवी होती. त्या दुपारी वीज चार वेळा गेली. लोक दारात ताटकळले, मी वैतागले, आणि मेमरीची तपासणी बंद करा म्हणून काकांच्या मागे लागले. ते नको म्हणाले. मी चारचौघांत आवाज चढवला. शेवटी त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली. गणपती गेल्यावर परत चालू करायची होती. दोघंही विसरलो.

फाल्गुनात नवी डिस्क आली. काकांनी ओव्या तिच्यावर उतरवल्या आणि जुनी डिस्क पुसून टाकली.

यंदा वैशाखात, काकूंच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, त्यांनी काकूंची ओवी लावली. ओवी सुरू होते तिथून नुसती खरखर. बाकीच्याही बऱ्याच तशाच निघाल्या. काकांनी तपासणी चालू करून सर्व्हर पुन्हा सुरू केला. चौथ्या मिनिटाला लांबलचक बीप वाजला. मेमरीची एक पट्टी खराब होती. डिस्क बदलताना प्रत्येक ओवी तिच्यातूनच गेली होती. तपासणी चालू असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

मी मुंबईला फोन लावत सुटले. जवळजवळ सगळ्यांच्या आया पेनड्राइव्हवर सुखरूप होत्या. फक्त राहीकाकूंची ओवी कुणी नेली नव्हती. नेणार कोण? मूलबाळ नाही, आणि काका तर इथेच होते.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बटण मी दाबलं गो बाय." हे ऐकण्यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

नवी पट्टी बसवली. आता नऊ मिनिटं मीही त्यांच्या शेजारी उभी असते, आणि मला घाई नसते. बीप झाला की काका ती फाइल लावतात. सुरुवातीचे तीन सेकंद तेवढे शाबूत आहेत. काकू घसा खाकरतात आणि विचारतात, "चालू झालं काय ओ?"

पुढे खरखर. काका दर वेळी हळूच उत्तर देतात.

"झालं. म्हण तू."