भिंतीवरची सासू

अमळनेरच्या दीपमालाबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या घरी बसतील, ही त्यांच्या नवऱ्याची आशा फार टिकली नाही. स्कूटीला कागदांची गुंडाळी बांधून बाई गावोगावच्या देवळांतली जुनी भित्तिचित्रं उतरवून घेत फिरू लागल्या. कुठे नवा रंग लागणार असं कळलं, की रंगाऱ्याच्या आधी बाई हजर.

दोंडाईचाजवळच्या एका गावात महादेवाच्या देवळाला ऑइल पेंट द्यायचं ठरलं होतं. बाईंनी पंचांपुढे आपल्या वारशावर लांबलचक भाषण केलं. चुडामण आबा त्यांतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना भाषणात छान डुलकी लागली. जागे झाल्यावर म्हणाले, "ताई, तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन रंगना डबा लयेल शेतस."

सगळं खरं असूनही आणलेल्या डब्यांपुढे हरलेल्या बाई रागारागाने भिंतीपुढे जाऊन बसल्या. मऊ ब्रशने काजळी झटकली, तशी पाण्याला निघालेल्या बायकांची रांग दिसू लागली. बाई चित्र उतरवत असताना मागे गावातल्या बाया जमल्या. सुंदरबाई निरखून म्हणाली, "हाई ते मन्ही सासू. तेच नाक." कुंदाबाईला पुढच्या बाईत आपली आत्या दिसली. मग कोणाचं माणूस रांगेत पुढे, यावरून दोघींची जुंपली. चित्रं दीड-दोनशे वर्षांपूर्वीची आहेत, हे बाई सांगत राहिल्या. कोणी ऐकेना. उलट रांगेतली शेवटची, कपाळाला आठ्या घातलेली बाई म्हणजे तुम्हीच, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला, तेव्हा सुंदरबाई वाट अडवून उभी होती. "मन्ही सासूले रंग फासशी?"

रंगाऱ्याने आबांकडे पाहिलं. सुंदरबाईची सासू कशी होती, हे आबांना चांगलंच आठवत होतं.

"तिले हात नको लावू भाऊ," ते हळूच म्हणाले.

सगळा रंग बाहेरच्या ओट्याला आणि कमानीला लागला. चित्रं वाचली. बाईंना आनंद झाला. फक्त आपल्या भाषणाचा त्यात काडीचाही वाटा नाही, हे मनाला लागलं.

घरी गिरधररावांनी बायकोचा कागद कौतुकाने उलगडला. शेवटच्या बाईवर बोट ठेवून ते म्हणाले, "अरे वा, स्वतःलाही काढलंस का?"

बाईंनी आत जाऊन चहा ठेवला, एकच कप.