कमलबाईंना हवी होती भांडखोर बाई

रनाळ्याच्या कमलबाईंची मालमत्ता एका दमात सांगून होते. राहत्या दोन खोल्या आणि मागे पथारी, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. हंगामात एक व्यापारी ती जागा भाड्याने घेतो आणि त्या भाड्यावर मायलेकींचं वर्ष निघतं.

लेक म्हणजे रूपा. वय चाळिशीचं, मन मात्र सात-आठ वर्षांच्या पोरीचं. कोणी नुसतं म्हणावं, "रूपा, तुन्हा तांब्या भलता चांगला शे वं," की तांब्या त्याच्या हातात. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने नवीकोरी चादर बोहारणीला दिली आणि वर बोहारणीलाच चहा पाजला.

तांब्या-चादरीचं एक वेळ ठीक. पण आपल्यामागे कोणी "रूपा, तुन्हं घर चांगलं शे" म्हणालं तर? हा विचार आला की कमलबाई हातातला घास ताटात परत ठेवायच्या.

पुतण्या नवनीतने उपाय आणला, सोबत पावशेर फरसाणही. "मोठीमाय, घर मन्हा नावे करी दे. रूपाताईले मी सांभाळसू."

"आते मी जित्ती शे, तरी तू दिवाईलेच येस. मी गयी की मंग कव्हय येशी?"

नवनीत उठून गेला. फरसाण कमलबाईंनी ठेवून घेतलं.

मग त्या नंदुरबारला चारुलता वकिलांकडे गेल्या. पथारीचा भाडेकरार त्याच करून द्यायच्या.

"मावशी, घराचा ट्रस्ट करा. घर विश्वस्तांच्या ताब्यात राहील, पण रूपासाठी. तिने कुठे अंगठा उठवला तरी जाणार नाही आणि विश्वस्तांनाही ते गिळता येणार नाही."

कमलबाईंना हसू आलं. "दोन खोल्यासना ट्रस्ट? गाव हासी मन्हावर, माय."

"ज्याची चार घरं आहेत, त्याचं एक गेलं तर तो दुसऱ्यात झोपेल. रूपा कुठे झोपेल?"

कमलबाईंनी पिशवीतून घराचे कागद काढून टेबलावर ठेवले.

"विश्वस्त मात्र नीट निवडा," वकीलबाई म्हणाल्या. "गोड बोलण्याला भुलणारा नको."

गाव खरंच हसलं. पारावरून भिकन आप्पांनी हाक दिली, "काय ट्रस्टीबाई, कॉलेज कव्हय काढी ऱ्हायनी? मन्हा नातूले क्लार्क करी टाक!"

"पह्यले त्याले दहावी तं होऊ दे, आप्पा!"

विश्वस्त व्हायला आप्पा एका पायावर तयार होते. माणूस सोन्यासारखा, पण चहाचा कप पुढे केला की ते कशालाही हो म्हणतात. एकटे आप्पा पुरणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी कमलबाई शेजारच्या संध्याच्या दारात उभ्या राहिल्या. दोघींमध्ये कित्येक वर्षं भांडणापलीकडे एक शब्द नव्हता. भांडण पथारीच्या हद्दीवरच्या वीतभर जागेचं. वारा सुटला की पथारीवरच्या मिरच्या उडून संध्याच्या अंगणात जायच्या आणि संध्या तोंडाचा पट्टा चालू ठेवून एकेक मिरची वेचून परत फेकायची.

"आते काय, हद्दीना दगड सरकाडाले उनी का?" संध्याने पाखडता पाखडता विचारलं.

"मन्ही रूपानी ट्रस्टी व्हस का?"

सूप थांबलं. "मी? आपलं तं पटत नही."

"नही पटत. पन इतला वरीस तू शिव्या बी दिन्यात आनि मिरच्या बी परत दिन्यात. एक तरी तुन्हा वरणमा पडनी का?"

संध्याने सूप खाली ठेवलं.

"व्हसू," ती म्हणाली. "पन तो वीतभर तुकडा मन्हा शे. तो ट्रस्टमा घालू नको."

"तो मन्हा शे!"

नंदुरबारपर्यंत एसटीत हाच वाद चालला. दस्त नोंदला गेला. विश्वस्त दोघं, संध्या आणि भिकन आप्पा. आणि काहीही करायचं तर दोघांची सही हवी. वीतभर तुकडा दस्तातून वगळला. तो भांडायला राहिला.

महिनाभराने नवनीत पुन्हा फरसाण घेऊन आला. कमलबाई आत भाकरी थापत होत्या. तो ओट्यावर रूपाजवळ टेकला. "रूपाताई, घर मस्त शे हां तुन्हं."

"लई जाय," तांब्या द्यावा तसं रूपा हसून म्हणाली.

"कोन शे रे तो?" पलीकडून संध्याचा आवाज आला आणि पाठोपाठ संध्याही आली, हातात खराटा घेऊन.

नवनीत चपला हातात घेऊनच निघाला. आतून कमलबाईंनी विचारलं, "फरसाण ठी गया का?"