गिरणेचे फोटो पुसायला लावले

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. सकाळी भडगावजवळ गिरणा नदीच्या पात्रात जायचं आणि वाळूवर पसरणारं कोवळं ऊन टिपायचं, हाच माझा आनंद. आज गेलो तर माझ्या आवडत्या वळणावर विहिरीएवढा खड्डा पडला होता. शेजारी ट्रॅक्टरमध्ये वाळू भरणं चाललं होतं. मी फोटो काढले.

एक तरुण धावत आला. "आबा, फोटू काढाना शे ते मंदिरना काढा, आठे नको. बठ्ठा डिलीट करा."

आवाज मऊ होता, पण हातात फावडं होतं. मी एकटाच होतो. निमूटपणे सगळे फोटो पुसले. त्यात महिनाभर टिपलेले पक्षीही गेले.

तसाच तक्रार करायला सरकारी कार्यालयात गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "पुरावा म्हणून फोटो आहेत का, काका?"

मी ओरडलोच, "खड्डा तिथेच आहे साहेब, चला दाखवतो!" कुणी खुर्चीवरून हललं नाही.

उद्या मी पुन्हा नदीवर जाणार. एकट्या म्हाताऱ्याचा कॅमेरा ते वाळूवाले रिकामा करतील, दहा-वीस जणांचे मोबाइल कसे करतील? कोण येतंय सोबत?